हजार एफपीएस म्हणजे पक्का नेम नव्हे: एअर रायफलच्या एका व्हायरल सल्ल्याचा प्रतिवाद

“एअर रायफल घ्यायची तर हजार एफपीएसच्या (सेकंदाला हजार फूट वेगाच्या) खाली बघू नका, .22 बोअरच (नळीचा आतला व्यास .22 इंच) घ्या, वर मोठी दुर्बीण बसवा. छर्रे कोणतेही चालतात. लायसन्स कशालाच लागत नाही, आणि शेतातली रानडुकरंही हाकलता येतात.” हा सल्ला नांदेड, लातूर, परभणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सर्रास पुढे पाठवला जातो. शेतातल्या आखाड्यावर कागदी टार्गेट लावून सराव करू पाहणाऱ्या, मोजकेच पैसे असलेल्या माणसाचं यात सरळ नुकसान आहे.

आधी वेगाचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ऑलिंपिकमधली 10 मीटरची एअर रायफल सेकंदाला साधारण 170 ते 175 मीटर वेगाने छर्रा सोडते, म्हणजे 570 एफपीएसच्या आसपास. अभिनव बिंद्रा यांनी 2008 साली बीजिंगला सुवर्णपदक जिंकलं ते याच प्रकारात. कागदावर नेम धरायला याहून जास्त जोर लागत नाही. उलट स्प्रिंगच्या रायफलीत (दाबलेली स्प्रिंग सुटून पिस्टन ढकलते आणि त्याने दाबलेल्या हवेने छर्रा उडतो) जोर वाढवला की नेम बिघडतो. पिस्टन पुढे झेपावताना रायफल मागे सरकते आणि पिस्टन टोकाला आदळला की पुढे झटका देते. हे होईपर्यंत छर्रा नळीतच असतो. स्प्रिंग जितकी ताठ, तितका हा हिसका मोठा आणि नळी सांध्याशी वाकवून रायफल भरायला तितकीच ताकद जास्त. वीस-पंचवीस छर्ऱ्यांनंतर हात थरथरू लागला तर कसला नेम लागणार? शिवाय छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ गेला की हवेत डगमगतो. हा वेग 20 अंशाला 343 मीटर प्रतिसेकंद असतो, आपल्याकडच्या मे महिन्यात 40 अंशाला सुमारे 355.

लायसन्सचं उत्तरही याच हिशेबात आहे. आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे 4.5 मिमी, म्हणजे .177 बोअरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला लायसन्स लागत नाही. दुकानदाराला ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मात्र द्यावा लागतो. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी लायसन्स लागतं. म्हणजे .22 तिथेच बाद. आता 0.53 ग्रॅमचा नेहमीचा छर्रा खरोखर हजार एफपीएसने गेला, तर ऊर्जा 24.6 ज्यूल भरते. 20 ज्यूलची हद्द त्या छर्ऱ्याला 900 एफपीएसलाच संपते. तेव्हा खोक्यावरचा हजाराचा आकडा एकतर अगदी हलक्या छर्ऱ्यावर मोजलेला असतो, नाहीतर ती रायफल लायसन्सच्या कक्षेत जाते. 10 मीटरच्या सरावाला .177 बोअर आणि 600 ते 750 एफपीएस भरपूर झाले.

दुकानात आकड्यापेक्षा हातात काय येतं ते तपासा. नळी बंद करून तिचं टोक डावीकडे-उजवीकडे दाबा. सांध्यात जरा जरी हालचाल जाणवली तरी ती रायफल घेऊ नका, कारण दर वेळी नळी वेगळ्या जागी बसेल. रिकामी रायफल मात्र चालवून बघू नका. छर्रा नसला की पिस्टनला हवेची गादी मिळत नाही आणि सील, स्प्रिंग दोन्ही मार खातात. घरी आल्यावर पुढच्या लाकडाचे आणि ट्रिगर गार्डचे स्क्रू घट्ट करा, पुढेही अधूनमधून तपासत राहा. नव्या रायफलीचा नेम एकाएकी पसरू लागला तर बहुतेकदा कारण सैल स्क्रू हेच असतं. सिलिंडरमध्ये खोबरेल किंवा मशीनचं तेल सोडायचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. दाबाने ते पेट घेतं, मोठा बार होतो आणि सील जळतं.

“छर्रे कोणतेही चालतात” हा या मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा भाग. डब्यातले छर्रे कडेने चेपलेले असतील, डोक्याचा व्यास कमी-जास्त असेल, तर उत्तम नळीही काही करू शकत नाही. कागदासाठी चपट्या डोक्याचे घ्या, भोक स्वच्छ पडतं. टोकदार छर्ऱ्याने नेम सुधारत नाही. दोन-तीन जातींचे छोटे डबे आणा, 10 मीटरवरून प्रत्येकी पाच-पाच छर्ऱ्यांचे चार गट मारा आणि ज्याचा गट सगळ्यात लहान (भोकं जवळजवळ) येईल त्याचे जास्त डबे घेऊन ठेवा. रायफलीवरचे वाचलेले पैसे इथे घाला. रायफलीच्या 10 मीटर टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त 0.5 मिमीचा असतो, स्प्रिंगच्या रायफलीला तो निराश करतो. सुरुवातीला पिस्तुलाचं टार्गेट लावा, त्यात दहाचं वर्तुळ 11.5 मिमीचं आहे.

दुर्बिणीची घाई नको. साधी दुर्बीण 100 यार्डांसाठी जुळवलेली असते. 10 मीटरवर चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की नेम सरकतो. स्प्रिंगचा उलटसुलट हिसका तिची भिंगंही ढिली करतो. घ्यायचीच तर एअर रायफलसाठी बनवलेली, 10 मीटरपर्यंत फोकस होणारी घ्या आणि मागे सरकू नये म्हणून स्टॉप पिन (अडवणारी खिळी) असलेला माउंट, म्हणजे दुर्बीण धरणारा पकडा, बसवा. दुर्बिणीची नेम जुळवायची खुंटी क्लिक-क्लिक फिरते. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) एका क्लिकने 10 मीटरवर छर्रा साधारण 0.73 मिमी सरकतो. 20 मिमी खाली लागत असेल तर 27-28 क्लिक वर. तोवर नळीवरची पुढची माशी आणि मागची खाच पुरेशी आहे. स्प्रिंगची रायफल आवळून धरू नका, पोत्यावर दाबूनही टेकवू नका. उघड्या तळहातावर सैल, दर वेळी त्याच जागी ठेवा.

राहिली रानडुकरं. एवढ्या ऊर्जेने रानडुक्कर मरत नाही, जखमी होऊन चवताळतं. आणि मोर, हरीण, पोपट यांना वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चं संरक्षण आहे, त्यांच्यावर नेम धरणं गुन्हा आहे.

टार्गेटमागे दगडी बांध किंवा भिंत असेल तर छर्रा उलटून डोळ्यात येऊ शकतो. लाकडी खोक्यात जुने कपडे घट्ट कोंबा, मागे मातीने भरलेली पोती रचा, पलीकडे पायवाट नाही ना ते बघा आणि चष्मा घाला. छर्रे बहुतेक शिशाचे असतात. सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.