रेघ निळी होती हो!

आलेख समोर दिसतोय ना? मग मॅटप्लॉटलिबला (पायथॉनमधली आलेख काढायची लायब्ररी) त्याचा नमपाय अ‍ॅरे, म्हणजे पिक्सेलच्या आकड्यांचा तक्ता, द्यायला एवढे नखरे कशाला! काल रात्री कोथरूडच्या खोलीवर जुना कोड चालवला, तर चित्राचे रंग बाइट्समध्ये देणारं ‘टूस्ट्रिंग_आरजीबी’ फंक्शन गायब. मॅटप्लॉटलिब ३.१० मध्ये काढूनच टाकलंय. बरं, त्याच्याऐवजी ‘बफर_आरजीबीए’ घेतलं. आधी कॅनव्हास ड्रॉ करायला विसरलो, म्हणून हाती कोरं करकरीत चित्र. ड्रॉ केलं, तर लाल, हिरवा, निळा अशा तीनाऐवजी चार चॅनेल. चौथा अल्फा, म्हणजे पारदर्शकतेचा, छाटला, ओपनसीव्हीला (चित्रांवर काम करणारी लायब्ररी) दिलं, आणि माझी निळी रेघ पावसाळ्यातल्या मुठेसारखी मातकट! ओपनसीव्हीला आरजीबी (लाल-हिरवा-निळा) क्रम नाही, उलटा बीजीआर लागतो. दर सहा महिन्यांनी हेच विसरतो मी. रूममेट चहा ढवळत म्हणतो, “स्क्रीनशॉट काढ ना.” अरे, चारशे आलेख आहेत!