खरवडलेली डांबरी खडी वाया घालवू नका, पण ती नुसती पसरूही नका

सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिक शहरात आणि त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या मार्गांवर रस्त्यांची कामे मोठ्या प्रमाणावर चालली आहेत. नव्या रस्त्यात काय घातले जाते, याबद्दल नागरिक हल्ली जागरूकपणे विचारतात, याचे मला समाधान वाटते. जुन्या रस्त्यातून काय निघते आणि ते कुठे जाते, याची चौकशी मात्र क्वचितच होते. मिलिंग मशीनने डांबरी थर खरवडला की काळी खडी डंपरमध्ये भरून निघून जाते. त्यातली थोडी साइडपट्टीवर पडते, थोडी शिवारातल्या वाटांवर, आणि बरीचशी एखाद्या सखल प्लॉटच्या भरावात कायमची गाडली जाते. रस्त्याच्या साहित्याच्या चाचण्या हेच माझे काम असल्यामुळे मला याविषयी ठाम मत आहे: हा माल रस्त्याच्या पायाच्या थरात परत गेला पाहिजे, मात्र चाचणी करून आणि नव्या खडीत मोजून मिसळूनच.

आधी त्याचे प्रमाण पाहू. सात मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यावरून ५० मिलिमीटर जाडीचा थर खरवडला, तर साधारण ३५० घनमीटर, म्हणजे ८०० टनांच्या आसपास माल निघतो. आता तोच रस्ता शेजारी आणखी सात मीटरने रुंद करायचा असेल आणि नव्या भागात २५० मिलिमीटर जाडीचा वेट मिक्स मॅकाडमचा (प्लांटमध्ये पाणी मिसळून दाबलेल्या प्रतवार खडीचा पायाचा) थर द्यायचा असेल, तर तेथे सुमारे ३,८५० टन खडी लागेल. म्हणजे जुन्या रस्त्यातून निघालेला माल नव्या भागातील या थराची पाचव्या हिश्श्याची गरज जागच्या जागी भागवू शकतो. सिंहस्थासाठी रुंद होणाऱ्या रस्त्यांना हा हिशेब थेट लागू पडतो, कारण तेथे खरवडणे आणि नवा पाया भरणे ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी, एकाच हंगामात होतात.

ही खडी आपल्याच डोंगरांची आहे, हे विसरता येत नाही. सारूळच्या खाणी आणि ब्रह्मगिरीच्या परिसरातील उत्खनन यांवरून नाशिककरांनी आंदोलने केली आहेत, आणि ब्रह्मगिरी म्हणजे गोदावरीचा उगम. एकदा डोंगर फोडून, क्रशरवर दळून, रस्त्यात घातलेला काळा पाषाण काही वर्षांत निकामी होत नाही. उन्हाने आणि हवेने म्हातारे होते ते त्यावरचे डांबर. ते कडक होते, त्याला तडे जातात आणि म्हणून वरचा थर बदलावा लागतो. आतला दगड जवळजवळ पूर्वीइतकाच टणक असतो. तो प्लॉटमध्ये पुरायचा आणि त्याच्या जागी नवा डोंगर फोडायचा, हा व्यवहार मला मनापासून चुकीचा वाटतो.

तरीही या मालाचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय त्याचा पुरस्कार करणे धोक्याचे आहे. दगडावर डांबराचा पातळ लेप असल्यामुळे ही खडी पाणी कमी शोषते, आणि क्षणिक भाराखाली तिचा थर साध्या खडीपेक्षा अनेकदा अधिक ताठ वागतो. परंतु भार वारंवार येत राहिला की, विशेषतः उष्णतेत, तोच लेप दगडांना एकमेकांवरून हळूहळू सरकू देतो. परिणामी थर दबत जातो आणि वरच्या डांबरीकरणात चाकोऱ्या उमटतात. नाशिकचा उन्हाळा चाळिशी गाठतो आणि द्राक्ष-कांद्याच्या हंगामात भरलेल्या गाड्यांची रांग लागते, त्यामुळे येथे हा दोष दुर्लक्षण्यासारखा नाही. जुन्या मालाचा वाटा वाढवत नेला की सीबीआर, म्हणजे थराची भार पेलण्याची ताकद दाखवणारा आकडा, उतरत जातो, हे प्रयोगशाळेत सहज दिसते. अमेरिकेतील अनेक राज्यांचे रस्ते विभाग पायाच्या थरात हे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली ठेवतात ते याच कारणासाठी, आणि जड वाहतुकीच्या रस्त्यांवर आपण त्याहूनही सावध असावे असे मला वाटते.

प्रमाण वाढवायचेच असेल तर दुसरा मार्ग आहे. खरवडलेल्या खडीत बिटुमेन इमल्शन (पाण्यात मिसळलेले पातळ डांबर) किंवा फेसाळवलेले डांबर आणि सुमारे एक टक्का सिमेंट मिसळून तिचा बांधलेला थर करता येतो, आणि त्यासाठी माल गरम करावा लागत नाही. भारतीय रस्ते महासभेच्या आयआरसी:३७-२०१८ या संकल्पन मार्गदर्शिकेत अशा थराला स्थान आहे, आणि डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापरासाठी आयआरसी:१२० ही स्वतंत्र शिफारस २०१५ पासून उपलब्ध आहे. त्यामुळे आपल्याकडे नियमच नाहीत, ही सबब आता चालणार नाही. उत्तर प्रदेशात ग्राम सडक योजनेच्या रस्त्यांवर जुना रस्ता पूर्ण खोलीपर्यंत उखडून, त्यात सिमेंट मिसळून तोच पाया म्हणून वापरण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आहे.

जुन्या नाशिकच्या रहिवाशांना यातला आणखी एक मुद्दा विशेष जवळचा वाटेल. खरवडण्याऐवजी थरावर थर चढवत गेल्याने रस्ते वर आले आणि घरांचे उंबरे खाली राहिले. पावसाळ्यात सराफ बाजारासारख्या सखल भागात पाणी शिरते त्याची कारणे अनेक आहेत, पण रस्त्याची पातळी वाढवत राहणे हे तेथे कुणाच्याच हिताचे नाही. निघालेल्या मालाला दुसऱ्या रस्त्याच्या पायात ठरलेली जागा आणि किंमत मिळाली, तर खरवडण्याचा खर्च डोळ्यांत खुपणार नाही.

माझा खरा आक्षेप सध्याच्या पद्धतीला आहे. जुना माल पसरून वर पातळ कार्पेट टाकलेले दिसले की लोक फसवणुकीचा संशय घेतात, आणि जिथे मोजमापच नाही तिथे तो संशय रास्त आहे. म्हणून निविदेतच खरवडलेल्या मालाचे टनेज, त्याची साठवणुकीची जागा आणि तो कोणत्या थरात किती टक्के जाणार, हे लिहिलेले असावे, आणि त्याची नोंद मोजमाप पुस्तिकेत व्हावी. साठा फरसबंद, उंच जागी आणि झाकलेला हवा, कारण पावसात भिजलेल्या ढिगातील ओलावा घट्ट दाबाईचे सगळे गणित बिघडवतो. वेगवेगळ्या रस्त्यांचा माल एकाच ढिगात ओतू नये. ढेकळे फोडून, चाळून, प्रतवारी (लहानमोठ्या खड्यांचे प्रमाण) तपासल्याशिवाय तो मिक्सिंग प्लांटवर जाऊ नये. हे सर्व तपासण्याची क्षमता नाशिकमध्ये आहे. दिंडोरी रस्त्यावर मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आहे, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत.

महानगरपालिकेने एका मध्यम वाहतुकीच्या रस्त्यावर पाचशे मीटरचा तुकडा असा मिश्रणाने करावा आणि त्याला लागूनच तेवढाच तुकडा संपूर्ण नव्या खडीचा करावा, अशी माझी मागणी आहे. दोन्ही तुकड्यांचे डिफ्लेक्शन, म्हणजे भरलेल्या गाडीच्या चाकाखाली रस्ता किती लवतो ते, बेंकेलमन बीम या उपकरणाने पावसाळा संपल्या संपल्या मोजावे, कारण त्या वेळी खालची माती सर्वांत जास्त भिजलेली आणि कमजोर असते. असे सलग दोन पावसाळ्यांनंतर मोजून, चाकोऱ्यांच्या खोलीसह सगळे आकडे महापालिकेच्या संकेतस्थळावर ठेवावेत.