देवमासा चौकात, प्लास्टिक शिवारात

आज बाजारातून येताना चौकात गर्दी दिसली म्हणून गाडी थांबवली. लोखंडी जाळीचा भला थोरला देवमासा, पोटात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, खाली 'सागर वाचवा'. डोकंच फिरलं. बेळगावात समुद्र कुठाय? आपलं प्लास्टिक जातं बळ्ळारी नाल्यात, आणि नाला फुगला की वडगाव-शहापूरच्या शिवारात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!

आमचं शेत नाल्याकडेलाच. पूर ओसरला की आप्पा भातात वाकून पिशव्या काढायचे. वरची पिशवी सहज निघते. चिखलात रुतलेली ओढली की रोपही मुळासकट हातात येतं. ते पुन्हा तिथंच खोचायचं नि पुढं सरकायचं. जिथल्या बासमतीचा घमघमाट गल्लीभर पसरायचा, तिथं गुटख्याच्या पुड्या वेचायच्या!

घरी आल्यावर आप्पांना फोटो दाखवला. चष्मा सारखा करून बघितला नि म्हणाले, "बाटल्या लई स्वच्छ आहेत की रे."

पोरांनी वेल्डिंग झकास केलंय. लहान मुलं थांबून विचारत होती, तेही खरं. मला कला नको असं नाही, उलट जास्त हवी आहे. जोसेफ बॉइस या जर्मन कलावंतानं १९८२ साली कासेल शहरात संग्रहालयासमोर बेसाल्टचे ७००० दगड आणून टाकले. एक झाड लावलं की ढिगातला एक दगड उचलून त्याच्याशेजारी रोवायचा. बॉइस १९८६ मध्ये गेले, शेवटचं झाड लागलं १९८७ मध्ये. तोवर किती काम बाकी आहे, ते येणाऱ्याजाणाऱ्याला ढिगाकडं बघून कळायचं. कुणाला भाषण द्यावं लागलं नाही.

आपल्याकडं हे का होऊ नये? शिवारातून निघालेलं प्लास्टिक चिखलासकट त्याच चौकात आणून रचा. धुऊ नका, रंग लावू नका. शेजारी शेताचा सर्व्हे नंबर लिहा. आणि नाल्यातला गाळ निघेपर्यंत ढीग हलवायचा नाही. वास येईल म्हणता? येऊ दे. आप्पांनी तो वास आयुष्यभर घेतलाय, आता गुडघे गेले म्हणून घरी बसलेत.

वडगाव, शहापूर, अनगोळची चित्रकला शिकणारी पोरं-पोरी कुणी तयार असाल तर खाली लिहा. यंदाचा पूर ओसरला की आमच्याच शेतापासून सुरुवात करू. ट्रॅक्टर आमचा, डिझेलही आमचंच.