ताजा रस श्रेष्ठ, किट बनावट? जरा थांबा

द्राक्षाचा हंगाम आला की एक मेसेज आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर हमखास फिरतो. सारांश असा: परदेशात घरी वाइन करायची जी किटं मिळतात, ती म्हणजे नुसतं केमिकल आणि रंग. त्यापेक्षा आपल्या सोलापूरच्या ताज्या द्राक्षांचा रस बाटलीत भरा, घट्ट बूच लावा, उन्हात ठेवा. मण्यावरची पांढरी भुकटी हेच यीस्ट. किटच्या वाइनमध्ये मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, होतं, डोळे जातात. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

आमचीही बाग नान्नजकडे आहे, आपल्या द्राक्षाचा अभिमान मलाही आहे. पण हा मेसेज वाचून तो वाढत नाही.

किटपासून सुरू करू. माझा मेहुणा कॅनडात असतो. तिथे घरच्यापुरती वाइन करायला कायद्याची आडकाठी नाही. त्याच्या किटमध्ये वाइनच्याच द्राक्षांचा आटवलेला रस असतो. निर्वात भांड्यात कमी तापमानाला पाणी काढून टाकतात. पाणी घालून पुन्हा २३ लिटर करायचं, की साधारण ३० बाटल्या होतात. रंग सालीचाच असतो. काही महागड्या किटांत द्राक्षाच्या सालीची वेगळी पिशवी येते, काहींत तर चक्क बेदाणे. सोबतच्या पुड्यांत यीस्ट, गढूळपणा खाली बसवायला बेन्टोनाइट, खराब होऊ नये म्हणून मेटाबायसल्फाइट आणि बाटलीत पुन्हा आंबू नये म्हणून सॉर्बेट. याला 'केमिकल' म्हणायचं तर म्हणा, पण पिवळ्या बेदाण्याला आपण गंधकाची धुरी देतो आणि निर्यातीच्या पेटीत सल्फरचा कागद घालतो, तेही मग त्याच यादीत धरा.

आता खरा मुद्दा, ताज्या रसाचा. आपली थॉमसन, सोनाका ही खायची द्राक्षं. मणी लांब आणि मोठा, साल पातळ, बी नाही. ग्राहकाला हेच हवं म्हणून आपण मणी फुगवायला जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड) देतो, थिनिंग म्हणजे मण्यांची विरळणी करतो. वाइनला नेमकं उलट हवं: बारीक मणी, जाड साल, बी. रंग, तुरटपणा, वास सगळं सालीत आणि बीत. काळ्या द्राक्षाचासुद्धा रस बहुतेक वेळा पांढराच निघतो, म्हणून लाल वाइन सालीसकट आंबवतात. आपल्याच जिल्ह्यात, अकलूजकडे, फ्रातेल्ली या वाइन कंपनीने सांजोव्हेसे आणि कॅबर्ने या वाइनच्या जाती लावल्या, थॉमसन नाही, ती काही हौस म्हणून नव्हे.

साखरेची अडचण नाही. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेला एक टक्का अल्कोहोल, म्हणजे १८ ब्रिक्सच्या (शेकडा सुमारे १८ भाग साखरेच्या) रसातून ११ टक्क्यांच्या आसपास. अडतं ते आम्लाशी. आपल्या उन्हात मण्यात गोडी भरते तसं आम्ल झपाट्याने घटतं आणि पीएच वर जातो. खायला ते फर्मास, वाइनला घातक. वाइन टिकवायला ३.४ पीएचला जेवढं सल्फाइट पुरतं, त्याच्या अडीच पट ३.८ ला लागतं. म्हणजे 'शुद्ध' रसालाच केमिकल जास्त! किटमध्ये हे आम्ल आधीच जुळवलेलं असतं.

पांढरी भुकटी म्हणजे यीस्ट नव्हे, मेण आहे. त्यावर थोडे जंगली जीव बसतात, पण वाइन शेवटपर्यंत नेणारं यीस्ट सालीवर विरळाच. शिवाय द्राक्ष निघतं तेव्हा, मार्चअखेर, इथे पारा चाळिशीला टेकतो. आंबताना रस स्वतःही तापतो, पस्तिशीपुढे यीस्ट दमतं आणि व्हिनेगरचे जिवाणू खूश होतात.

बूच लावून उन्हात ठेवण्याचा सल्ला देणाऱ्याने एक हिशोब करावा. लिटरभर गोड रसातून ४० लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. तो बंद काचेच्या बाटलीत मावेल का?

मिथेनॉल सालीतल्या पेक्टिन या चिकट घटकापासून येतं, म्हणजे किटच्या रसापेक्षा सालीसकट आंबवलेल्या ताज्या द्राक्षात ते थोडं जास्तच. दोन्हीकडे प्रमाण मात्र इतकं कमी की डोळ्यांना धोका नाही. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती दारूत घातलेल्या औद्योगिक मिथेनॉलने.

ताजा रस सरस, ही मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे. आटवताना वास उडतो, स्वस्त किटची वाइन पाणचट लागते. मेहुण्याने एका वर्षी किट आणि शरदात मिळणारी ताज्या रसाची बादली, दोन्ही करून पाहिली. बादली जिंकली, त्याचं आणि माझंही मत. पण तो रस वाइनच्या द्राक्षांचा होता आणि आम्ल त्यातही जुळवलेलं होतं.

आणि इथे हे काही करूच नका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी वाइन करणं गुन्हा आहे, किटची असो वा बागेतल्या द्राक्षाची.

हे सगळं ग्रुपवर लिहिल्यावर मेसेज टाकणाऱ्या काकांनी विचारलं, "मग ही उरलेली पेटी काय करू?" म्हटलं, काका, रस काढा, चिमूटभर मीठ आणि भाजलेलं जिरं घाला, आणि आजच्या आज संपवा.