अकरा टोमॅटो

दिवाळी झाल्यावर कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर मी चेरी टोमॅटोचं बी टाकलं. वीस लिटरचा रंगाचा डबा, बुडाला भोकं, माती नि शेणखत. आठवड्यात कोंब वर आला तेव्हा सगळ्या घराला वर ओढून नेलं. आई म्हणाली, "ह्येच्यासाठी जिनं चढवलास व्हय? लक्ष्मीपुरीच्या बाजारात पाटीनं पडल्यात की टमाटी."

मला वाटलं होतं, फळ लहान म्हणजे झाडही लहान. पण हा निघाला वेल, आणि वेलाला थांबायचं कुठं हे कुणी शिकवलेलं नसतं. काठी संपली, मग सुतळी संपली, शेवटी माझ्या पायजम्याची नाडी गेली. पानांच्या बेचक्यातल्या बगलफुटी खुडाव्यात तर आज खुडलेल्या परवा दुप्पट. फुलं आली, पण गळायला लागली. शेतीवाला मित्र म्हणाला, एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, फक्त झाड हलायला पाहिजे. म्हणून रोज सकाळी फुलांच्या देठांना हलक्या टिचक्या. शेजारचा दादा पलीकडच्या गच्चीवरून दात घासत बघायचा. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "भावा, घरात सगळं ठीक हाय न्हवं?"

फळं धरली आणि त्यांची बुडं काळी पडली. कॅल्शिअम कमी, असं कळलं. अंड्यांच्या टरफलांसाठी मी आठ दिवस दोन्ही वेळ ऑम्लेट खाल्लं. नंतर उजेड पडला, की कॅल्शिअम मातीत असलं तरी ते फळापर्यंत पाण्याबरोबर जातं. आणि मी चार दिवस गावाला जाऊन आल्यावर भरपाई म्हणून एकदम दोन बादल्या ओतल्या होत्या. त्याच पाण्यानं पिकायला आलेली बरीच फळं तडकली. टरफलं मातीत तशीच आहेत, अजून कुजलेली नाहीत. ऑम्लेट मात्र माझ्या पोटावर दिसतं.

उरलेल्यांतली लाल झालेली बुलबुलांनी नेली. तीसुद्धा सगळी खायची नाहीत, प्रत्येकाला एकेक टोच.

शेवटी रंग धरलेली अकरा आधीच तोडून, घरात पिकवून मी वाटीत ठेवली आणि फोटोसाठी मोबाइल आणायला आत गेलो. बाहेर आलो तर दादा कट्ट्यावर बसलेला, मांडीवर वाटी, वाटीत फक्त देठ.

"चव एक नंबर हाय," तो म्हणाला. "पण घाई केलास भावा. आणि आठ दिवस झाडावर ठिवला असतास तर मोठी झाली असती की."