काटा हलला, म्हणजे मीटर अचूक?

रेडिएशन सर्व्हे मीटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला या फोनवरून त्या फोनवर फिरतोय : "चेक सोर्स मीटरला टेकवा, काटा हलला की मीटर अचूक. सोर्स इतका कमजोर असतो की खिशात ठेवला तरी चालतो. जुना झाला की केरात टाका." चेक सोर्स म्हणजे मीटर तपासायला ठेवलेला किरणोत्सर्गी पदार्थाचा छोटा नमुना, बहुतेकदा प्लास्टिकच्या बटणासारखा. वापरण्याआधी दर वेळी मीटर सोर्ससमोर धरावा, एवढं त्यातलं मला मान्य आहे. बाकीचं नाही.

"काटा हलला की अचूक." काटा हलला म्हणजे मीटर जिवंत आहे. २ च्या जागी ६ दाखवणाऱ्या मीटरचाही काटा हलतोच, उलट जरा जोरातच. तपासणीला अर्थ यायचा तर तुलनेला आकडा हवा. मीटर कॅलिब्रेट होऊन (म्हणजे प्रमाणित सोर्सशी ताडून) आला की लगेच हाच सोर्स ठरलेल्या जागी, ठरलेल्या बाजूने ठेवून रीडिंग घ्यायचं आणि ते मीटरवरच चिकटवून ठेवायचं. पुढे रीडिंग त्यापासून २० टक्क्यांहून जास्त सरकलं की मीटर वापरातून काढायचा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. जागा ठरलेली हवी, कारण इतक्या जवळून अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडला तरी आकडा झपकन बदलतो. आधी बॅटरी, मग सोर्स लांब ठेवून बॅकग्राउंड (आसपास नेहमीच असणारा किरणोत्सर्ग), आणि त्यानंतर सोर्स, हा क्रम सोडू नये.

सोर्सही म्हातारा होतो, हे त्या सल्ल्यात कुठेच नाही. कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, कोबाल्ट-५७ तर २७२ दिवसांत. बटणावरची तारीख न बघता मीटर 'मंदावला' म्हणून दुरुस्तीला धाडणारे लोक असतात! सीझियम-१३७ वर्षाला साधारण २.३ टक्केच घटतो, म्हणून या कामाला तो सोयीचा.

शिवाय छोटं बटण फक्त खालच्या रेंजवर काटा हलवतं. वरच्या रेंजबद्दल ते काहीच सांगत नाही. आणि धोका तिथेच असतो : फार तीव्र क्षेत्रात काही गायगर-म्युलर (वायू भरलेल्या नळीचे) मीटर भांबावून चक्क शून्याकडे येतात. ठरावीक मुदतीने, बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा, करायच्या कॅलिब्रेशनची जागा बटण घेऊ शकत नाही.

"मीटर काहीच दाखवत नाही, म्हणजे बिघडला," हे त्याच सल्ल्याचं उलटं टोक. बीटा कण सोडणारा स्ट्रॉन्शियम-९० चा सोर्स आणि ते कण अडवणारं मीटरचं बीटा-झाकण बंद, असं असेल तर काटा जवळपास जागचा हलणार नाही. अल्फा कण अडवायला तर एक कागद पुरतो.

आता खिसा. १० मायक्रोक्युरी (सोर्सच्या ताकदीचं एकक) सीझियम-१३७ एक मीटरवर ताशी सुमारे ०.०३ मायक्रोसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचं एकक) देतो, म्हणजे नेहमीच्या बॅकग्राउंडपेक्षाही कमी. 'कमजोर' हा शब्द इथून आला. पण अंतर शंभरपट घटलं की मात्रा दहा हजारपट वाढते : एका सेंटिमीटरवर ताशी सुमारे ३०० मायक्रोसीव्हर्ट. हा साऱ्या शरीराचा डोस नव्हे, तेवढ्या टिचभर जागेचा आहे, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण दिवसभर मांडीला चिकटवून हिंडायचं तरी कशासाठी? खिशातला सोर्स तुमचंच बॅकग्राउंड रीडिंग वाढवतो आणि छातीवरच्या टीएलडी बॅजवरही (कामगाराला मिळालेली मात्रा नोंदवणाऱ्या बिल्ल्यावर) नको ती नोंद करतो. काम झालं की तो डबीत, आणि डबी मीटरपासून दूर.

उघड्या पृष्ठभागाच्या अल्फा सोर्सची गोष्ट वेगळी आहे. त्याला बोट लावायचं नाही, पुसायचं नाही, खरवडायचं तर मुळीच नाही. तिथे अंगावर पडणाऱ्या किरणांपेक्षा सुटा झालेला कण पोटात किंवा फुप्फुसात जाण्याची काळजी मोठी. चीर गेलेलं प्लास्टिकचं बटणही पिशवीत बंद करून बाजूला ठेवावं आणि गळतीची चाचणी करून घ्यावी.

केरात टाकण्याबद्दल थोडक्यात : नियम देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून आधी उत्पादकाला किंवा तिथल्या नियामकाला विचारा, आणि लेबल खरवडून काढू नका. भंगाराच्या फाटकावरचे डिटेक्टर वाजले की अख्खा ट्रक अडतो, आणि ढिगाऱ्यातून ते एवढंसं बटण हुडकत बसावं लागतं.