पुस्तकावर आधीच कोणाचे तरी नाव असते

एकेकाळी रेल्वेच्या फलाटांवर राहिलेल्या आणि आता बालगृहातून शाळेत जाणाऱ्या मुलांना मी दर रविवारी मराठी वाचायला शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे देणगीची पुस्तके येतात. ती खोकी उघडताना जे दिसते, त्याविषयी मनापासून लिहीत आहे.

यंदा त्यांत २०१८ साली दहावीची पाठ्यपुस्तके बदलली त्याआधीची गाइडे होती, स्पर्धा परीक्षांचे जुने ठोकळे होते आणि सगळी उत्तरे भरून झालेल्या स्वाध्यायपुस्तिका होत्या. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत असे आपल्याकडे म्हणतात. मला ते इथे मान्य नाही. घरातील रद्दी बाहेर काढणे आणि एखाद्या मुलाच्या शिक्षणाला हातभार लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार, कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क असतो. ही तरतूद मला अगदी योग्य वाटते, कारण बारा-तेरा वर्षांचा मुलगा पहिलीच्या चिमुरड्यांत दोन दिवसही टिकणार नाही. मात्र त्यामुळे असे होते की मुलगा सातवीच्या बाकावर बसतो आणि जोडाक्षर आले की अडतो. त्याच्या हाती ससा-कासवाची गोष्ट दिली तर त्याला तो अपमान वाटतो, आणि त्याच्या वयाची कादंबरी दिली तर ती दुसऱ्या पानापुढे सरकत नाही. त्याला हवी असतात ती मोठ्या टायपातली, सोप्या वाक्यांची, पण इंजिने, साप, भुते, क्रिकेट अशा विषयांवरची पुस्तके. प्रथम बुक्ससारखे प्रकाशक वाचनाच्या पातळ्या ठरवून मराठीत पुस्तके काढतात, ती फार उपयोगी पडतात. अनेक मुले उत्तरेकडून आलेली असल्यामुळे हिंदी आणि उर्दू पुस्तकेही तितकीच लागतात.

पाठ्यपुस्तकांचे म्हणाल तर सरकारी आणि अनुदानित शाळांत ती आठवीपर्यंत मोफत मिळतात. नववीपासून विकत घ्यावी लागतात, आणि १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या मुलाला सगळी जुळवाजुळव स्वतःच करावी लागते. चालू अभ्यासक्रमाचा एक पूर्ण संच जूनआधी हाती आला, तर त्याची किंमत दहा खोक्यांहून अधिक आहे. म्हणून पुस्तके पाठवण्याआधी कृपया एक फोन करून काय हवे ते विचारा.

मागच्या वर्षी एका मुलाने देणगीतल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरचे दुसऱ्याचे नाव खोडरबराने इतके घासले की कागदाला भोक पडले. नंतर आम्ही त्याला एक नवेकोरे पुस्तक आणून दिले. ‘हे परत कधी द्यायचं, ताई?’ असे त्याने दोनदा विचारले. परत द्यायचे नाही हे पटल्यावर त्याने माझ्याकडून पेन मागून घेतले, आपले नाव आडनावासकट लिहिले आणि पुस्तक पेटीत ठेवून कुलूप लावले.